गावकीपुढे वाचलेला निबंध

नातवंडांनो, तुमच्यापैकी थोरल्याने गेल्या आठवड्यात मला चार निबंध पाठवले. व्यवस्थापनाच्या शाळेत प्रवेश हवा असेल तर ते लिहावे लागतात. आजीने महाडच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा तिने ते तपासून द्यावेत, अशी त्याची अपेक्षा आहे. मी ते दोनदा वाचले. तिसऱ्या निबंधात त्याने लिहिलं आहे की आजीच्या गावी राहून त्याला साधेपणाचं मोल कळलं. तो इथे शेवटचा आला तेव्हा अकरा दिवस राहिला होता. त्यातले चार दिवस पोट बिघडून पडून होता आणि उरलेले सात इंटरनेट कुठे मिळेल हे विचारत हिंडत होता.

मी हे निबंध तपासणार नाही. त्याचं कारण फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते. धाकटीनेही वाचावं, पुढेमागे तिच्यावरही ही वेळ येईलच.

असले निबंध मी आयुष्यात एकदाच हाताळले. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मला निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते आणि चुका काढायची खोड अजून हातात होती. दुधवाल्याच्या पाटीवरच्यासुद्धा मी चुका काढत असे. एका रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी फाइल घेऊन दारात उभी राहिली. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला तिची वाडी. तीस-बत्तीस घरं, नाचणी-वरीची शेती, म्हशी आणि शेळ्या. प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईला. ही आठवीपासून महाडला वसतिगृहात राहून शिकली, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. तिच्या कपड्यांना कायम तिथला वास येई. मी तिला पलंगाच्या चादरीवर बसू दिलं नाही, लाकडी खुर्ची दिली. हे मुद्दाम सांगते आहे, म्हणजे मी कशी बाई होते ते तुम्हाला कळेल.

इंग्लंडमधल्या एका व्यवस्थापनाच्या शाळेची परीक्षा ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. आता उरले होते चार निबंध. ते पसंत पडले तर शिष्यवृत्ती, आणि शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं. नाही मिळाली तर काय, हेही तिने सांगितलं. घरी एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि शिमगा उलटला की सुपारी फुटणार होती. मुदत मार्चअखेरची होती.

मी प्रश्न वाचले आणि माझं डोकंच फिरलं. तुम्ही नेतृत्व केल्याचा एक प्रसंग सांगा. तुमचं सर्वांत मोठं अपयश सांगा, पाचशे शब्दांत. आम्ही तुम्हालाच का घ्यावं? आमच्या काळी नोकरीच्या मुलाखतीत असलं कुणी विचारलं असतं तर आम्ही खाली मान घालून बसलो असतो. मला ते सगळं निर्लज्ज वाटलं, अजूनही वाटतं. पण मुलीने आणलेलं लिखाण त्याहून वाईट होतं. तिने पुण्याहून नमुना निबंधांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. त्यातल्या प्रत्येकाने लहानपणीच जग बदलायचं ठरवून टाकलेलं. तिनेही ठरवलं होतं. मी लाल पेनाने तीन पानं आडवी खोडली आणि समासात लिहिलं, ‘हे खोटं आहे.’ पुढच्या पानावर लिहिलं, ‘हेही.’

तिने पानं माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाली, “बाई, चुका काढा. माझी अब्रू नका काढू.”

मी म्हटलं, चुका काढल्या की जी जाते ती अब्रू नसतेच. तुमच्या आईला विचारा, मी अशीच बोलत असे. पुढचे सहा रविवार आम्ही असंच एकमेकींना बोलत काढले. ती सकाळची पाळी संपवून यायची तेव्हा पेंगत असायची, मी वहीवर पट्टी आपटायची. एकदा तिने विचारलं, तुम्ही कधी परदेशी गेलात का, कधी असला अर्ज लिहिलात का? मी म्हटलं, नाही. “मग तुम्हाला कसं ठाऊक त्यांना काय हवंय ते?” मी तिला तिच्या स्पेलिंगवरून बोलले.

नेतृत्वाच्या निबंधापाशी सगळं अडलं. तिच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी नळाचं पाणी आलं होतं. त्याआधी बायका पाऊण तास उतरून ओढ्यावर जात. कॉलेजात असताना हिने अर्ज लिहिले, पोलादपूरला पंचायत समितीत खेपा घातल्या, साहेबाच्या दारात बसून राहिली. हे सगळं तिने एका परिच्छेदात उरकलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं की आम्ही गावकऱ्यांनी मिळून पाणी आणलं.

मी म्हटलं, ते प्रवेश तुला देणार आहेत की तुझ्या गावाला? पाणी कुणाच्या खटपटीने आलं?

ती म्हणाली, तसं सांगता यायचं नाही. पाइप वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने दिला, चर पुरुषांनी खणला, रेती-सिमेंट बायकांनी डोक्यावरून वर नेलं. मी विचारलं, आणि तू नसतीस तर? तिने वही मिटली. मग म्हणाली, “मी आणलं असं लिवलं ना, तर मला वाडीत तोंड दाखवायला जागा नाय राहणार.” घरची बोली तिच्या तोंडी फक्त रागावली की येई.

मी म्हटलं, तुला तोंड इंग्लंडात दाखवायचं आहे. आणि माझ्या हाताने मी ते वाक्य लिहिलं, ‘माझ्या गावात पाणी मी आणलं.’ त्याच्या आगेमागे नेतृत्व, प्रेरणा, संघटन असले चार भारदस्त शब्दही घातले. तो निबंध तिचा राहिला नव्हता. सहा आठवड्यांपूर्वी मी ज्याला खोटं म्हणून खोडलं होतं त्याचंच हे जरा बऱ्या इंग्रजीतलं भावंड होतं. तेव्हा मला ते दिसलं नाही. मला वाटलं, उत्तम झालं.

आता माझी चूक सांगते. तुम्हाला ती वेडगळ वाटेल, कारण तुम्ही तहसील कचेरीच्या रांगेत कधी उभे राहिला नाहीत. आमच्याकडे कोणताही अर्ज नुसत्या अर्जावर चालत नाही. तुम्ही जिवंत आहात असं लिहिलंत, तरी जिवंत असल्याचा दाखला जोडावा लागतो, खाली सही आणि गोल शिक्का. तीस वर्षं मी मुलांचे फॉर्म भरून दिले होते. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. त्यामुळे मी सहजच विचारलं, या पाण्याच्या कामाचा दाखला कुठे आहे? ती म्हणाली, दाखला कसला? मी म्हटलं, एवढी मोठी शाळा, कुणीही काहीही लिहील आणि ते मानतील होय? गावाकडून लेखी आण, नाहीतर हा निबंध कचऱ्यात जाईल.

तिचा चेहरा पडला. गावाच्या नावाने कोणताही कागद बाहेर जायचा तर तो गावकीत वाचून दाखवावा लागतो, अशी त्यांची रीत. गावकी म्हणजे घरटी एक माणूस, देवळापुढे. आणि ती नीट भरते शिमग्याला, मुंबईकर आले की. ती म्हणाली, दाखला राहू द्या. मी म्हटलं, घाबरतेस काय, मी येते बरोबर. मीच वाचून दाखवते.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरहून जीपने घाटात गेले, एका वळणावर उतरले आणि डोंगर चढून वाडीत पोहोचले. इस्त्रीची सुती साडी, पर्स आणि फाइल. देवळापुढे पुरुष बसलेले, बायका कडेला उभ्या. गावकीचा प्रमुख म्हणजे तिचा सख्खा थोरला काका. वाडीतलं एकुलतं दुकानही त्याचंच. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी त्याच नळाचं होतं.

मी एकेक वाक्य मराठीत करून वाचू लागले. शाळेत धडा वाचावा तशी, स्पष्ट आवाजात. ‘माझ्या गावात पाणी मी आणलं’ या वाक्याशी आले आणि मागून एक म्हातारा सावकाश म्हणाला, “म्हंजे आमी काय, निस्तं पिलं?”

सगळे हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. मुंबईहून आलेला एक जीन्सवाला उठला. मंडळाचं नाव कुठे आहे यात, त्याने विचारलं. पाइपचं बिल मंडळाच्या फाइलीत आहे, प्रूफ आहे, इथे मंडळाचा उल्लेख पण नाही म्हणजे काय? दुसऱ्याने विचारलं, चर खणताना ज्याचा पाय मोडला तो कुठे आहे? मी पुढे वाचायला गेले तर काकाने हात वर केला.

“बाई, जरा थांबा. ह्ये लिवलंय कुनी? तिनं का तुमी?”

मला वाटतं, माणसाला आयुष्यात असे दोन-तीनच प्रश्न येतात. उत्तर मला माहीत होतं. शंभरेक डोळे माझ्याकडे बघत होते, मी एकटी परकी, आणि मी शिक्षिका. मी म्हटलं, “तिनंच लिहिलंय. मी फक्त भाषा बघितली.”

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं. ती मला खोटं पाडू शकली असती. पाडलं नाही.

मग बायकांच्या घोळक्यातून तिची आई बोलली. ती मोठ्याने बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “माज्या डोक्यावं रेती व्हती तवा तू कुटं व्हतीस गो?”

“कॉलेजात,” मुलगी म्हणाली.

त्यावर कुणी हसलं नाही. काका म्हणाला, शिकवली ती चूक झाली असं आता लोक म्हणतील, आणि आम्हाला ऐकून घ्यावं लागेल. चार इयत्ता शिकून ही आता गावाच्या डोक्यावर बसून विलायतेला चालली, आणि घरात कुणाला पत्ता नाही. कारण हेही त्याच वेळी बाहेर आलं होतं. परदेशाचा बेत तिने आईजवळही बोलून दाखवला नव्हता. तो मी वाचून दाखवला, फाइल उघडल्या उघडल्या, पहिल्याच वाक्यात.

तेव्हा ती बोलली. “वरच्या वाडीत कोन गेलं व्हतं, काका? झरा त्यांच्या हद्दीत. तुमी सात वर्सं त्यांच्याशी बोलत नव्हता.”

“तुला धाडली ती आमीच.”

“धाडली नाय. मी गेले. त्यांच्या म्हशींच्या पान्याचं डोणं आधी भरंल, मंग आपली टाकी, ह्ये मी कबूल केलं तवा पाइप लागला. तुमी त्ये अजून कुनाला सांगितलं नाय.”

म्हशींच्या पाण्याचं बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं, हे तोंडांवरून दिसत होतं. जीन्सवाला काकाकडे बघू लागला. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटली. सहा रविवार ती माझ्यासमोर बसली होती. मी तिला शंभर प्रश्न विचारले होते, पण तू नेमकं काय केलंस, हा एक विचारला नव्हता. ती मुलगी वैऱ्याच्या घरी एकटी गेली होती, आणि मी तिच्या निबंधात ‘प्रेरणा’ हा शब्द घातला होता.

काका हरणारा माणूस नव्हता. म्हणाला, दाखला हवा ना, देतो. पोराला वही-पेन आणायला सांगून त्याने स्वतः मजकूर सांगितला, आणि तो मला आजही पाठ आहे. ‘सदर पाणी योजना ग्रामस्थ व मुंबई मंडळ यांनी राबविली असून, सदर मुलीने गावाच्या सांगण्यावरून अर्ज नेऊन देण्याचे काम केले आहे. सबब दाखला देण्यात येत आहे.’ खाली सह्या, अंगठे, आणि मंडळाचा गोल शिक्का. अगदी नमुनेदार दाखला. वीस दिवसांपूर्वी मी असाच मागितला होता.

मुलीने तो घेतला, चार घड्या घातल्या आणि ओढणीच्या टोकाला बांधला. आईकडे न जाता ती डोंगर उतरू लागली. मी मागे, चपला हातात घेऊन.

जीपने आम्ही पोलादपूरला आलो. स्टँडवर एसटीची वाट बघताना म्हणाली, “फॉर्ममध्ये दाखला मागितलाय कुठे, बाई?”

मी म्हटलं, असेलच. दाखल्याशिवाय अर्ज असतो का कुठे?

“मी चार वेळा वाचलाय. नाहीये.”

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस, आलीस कशाला? ती म्हणाली, तुम्ही म्हणालात म्हणून, शाळेतसुद्धा तुमच्यापुढे कुणाची चालली होती? मग, माझ्याकडे न बघता, ती माझाच आवाज काढून म्हणाली, “तिनंच लिहिलंय.”

मी म्हटलं, चारचौघांत दुसरं काय सांगणार होते मी?

“खरं,” ती म्हणाली.

घरी येऊन मी चष्मा पुसला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मी, जी मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून पट्टी मारत असे. दाखला कुठेच मागितलेला नव्हता. उलट एका ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की निबंधांना कोणतीही कागदपत्रं जोडू नयेत. मी क्षमा मागायला हवी होती. मी म्हटलं, अजून नऊ दिवस आहेत, उद्या बस, पुन्हा लिहू. तिने टेबलावरची सगळी पानं गोळा केली. माझ्या अक्षरातली वेगळी काढून टेबलावरच ठेवली आणि बाकीची घेऊन गेली.

जूनमध्ये तिच्या नावाचं जाड पाकीट माझ्या पत्त्यावर आलं. वाडीचा टपालवाला पत्रं काकाच्या दुकानात टाकतो, म्हणून तिने फॉर्मवर माझा पत्ता घातला होता, मला न विचारता. मी कारखान्यात निरोप धाडला. ती आली, पण आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या पाकीट फोडलं, पहिलं पान वाचलं, मग दुसरं.

“मिळाली,” म्हणाली. “शिष्यवृत्तीसकट.”

मी अभिनंदन केलं. साखर आणते म्हटलं, तर घाई आहे म्हणाली. मग मी विचारलंच, की नेतृत्वाच्या निबंधात शेवटी काय लिहिलंस, मला वाचायला दे. माझ्या आवाजात अजिजी होती, ती तिने ऐकली असणार.

“नाही देणार,” ती म्हणाली. “तुम्ही वाचला की तुम्हाला त्यात चुका दिसतील. त्या असू देत.”

आणि ती गेली. माझ्या दारात ते तिचं शेवटचं येणं.

पंधरा दिवसांनी काका आला. पांढरा शर्ट, टोपी, बरोबर जीन्सवाला. गावकी आणि मुंबई मंडळ यांच्या वतीने पोलादपूरला तिचा जाहीर सत्कार ठरवला होता, बॅनर छापायला दिला होता. तिच्या फोटोखाली ‘आमच्या गावाची शान’ आणि त्याखाली काकासकट अकरा पदाधिकाऱ्यांची नावं. मुलगी मात्र ऐकत नव्हती. स्थळाचं तर कुणी नावच काढत नव्हतं आता. मी अध्यक्ष व्हावं आणि तिला घेऊन यावं, तुमचं ती ऐकते, असं काका म्हणाला.

मी म्हटलं, ती माझं ऐकत नाही, आणि ऐकत असती तरी मी सांगितलं नसतं. ज्या मुलीला तुम्ही अर्ज नेऊन देणारी ठरवलंत तिच्या फोटोखाली तुमचं नाव कशाला?

त्याला राग आला, तो त्याने गिळला नाही. “बाई, तुमी एक दिस आलात नि गेलात. आमाला त्या वरच्या वाडीवाल्यांशी आता रोज भांडावं लागतं. म्हशींचं पानी आधी का, म्हनून घराघरांत तंटा हाय. त्ये तुमच्या वाचनानं झालं.”

हे खरं होतं. मला ते आवडलं नाही, पण खरं होतं. मी चहा केला. त्याने बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग आवाज खाली आणून, ज्यासाठी तो मुळात आला होता ते त्याने विचारलं.

“तिनं आमच्याबद्दल काय लिवलंय?”

मी म्हटलं, मला माहीत नाही.

“आसं कसं? तुमीच लिवून दिलं आसंल.”

मी म्हटलं, या वेळी तिनंच लिहिलंय. मी एक अक्षर बघितलं नाही.

माझ्या एकाही शब्दावर त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि बसावा असं काही मी केलेलंही नव्हतं. त्याने टोपी घातली, जीन्सवाल्याला चल म्हणाला आणि निरोप न घेता पायऱ्या उतरला. बशीतल्या चहावर साय धरली होती. मी तो मोरीत ओतला आणि तिने काय लिहिलं असेल याचा विचार करत बसले. निबंध मी आजतागायत वाचलेला नाही.